सहउमेदवार, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राजकीय पक्ष राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष या दोन पदांसाठी मिळून जी जोडी निवडणुकीस उभी करतो, तीमधील दुसऱ्या उमेदवारास सहउमेदवार म्हणता येईल. इंग्रजीत त्यास ‘रनिंग मेट’ अशी संज्ञा असून ती घोड्यांच्या शर्यतीतून आली आहे. एका मालकाच्या दोन घोड्यांपैकी जिंकावयाच्या घोड्याचा वेग टिकावा, म्हणून त्याच्या जोडीला पळविला जाणारा दुसरा घोडा, हा तिचा मूळ अर्थ. संज्ञेतील हा गौणभाव पदालाही चिकटला आहे. सीनेटचे अध्यक्षस्थान भूषविणे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे, याहून फारसे नित्याचे काम संविधानाने उपराष्ट्राध्यक्षाला दिलेले नाही. मात्र राष्ट्राध्यक्षाचे पद मध्येच रिकामे झाले, तर उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी तोच राष्ट्राध्यक्ष होतो. भारतात उपराष्ट्रपतीची निवड संसदेचे सदस्य स्वतंत्रपणे करतात आणि राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास तो नव्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, केवळ कार्यभार पाहतो. अमेरिकेत अशी मध्यंतरीची निवडणूक नाही. आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्ष या मार्गाने सर्वोच्च पदावर आले : आठ जण राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूमुळे (त्यांपैकी चार वेळा हत्येमुळे) व एक जण राजीनाम्यामुळे. सहउमेदवार निवडला जातो तो नोव्हेंबरमधील मतांचा हिशेब करून. त्या निवडीचे खरे मोल कळते ते अशा एखाद्या अनपेक्षित दिवशी. या विसंगतीचे परिणाम अमेरिकेच्या इतिहासावर वारंवार झालेले दिसतात.

संविधानकर्त्यांना अशी जोडी अभिप्रेतच नव्हती. १७८७ च्या मूळ तरतुदीप्रमाणे प्रत्येक निर्वाचक दोन व्यक्तींना मते देई. सर्वाधिक मते मिळविणारा राष्ट्राध्यक्ष व त्याच्या खालोखालचा उपराष्ट्राध्यक्ष होई. पक्ष उदयास येताच ही योजना कोलमडली. १७९६ मध्ये जॉन ॲडम्सला ७१ व त्याचा प्रतिस्पर्धी टॉमस जेफर्सनला ६८ मते पडली आणि परस्परविरोधी पक्षांचे दोन पुढारी एकाच शासनात आले. १८०० मध्ये तर जेफर्सन व त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. बरला मत देणाऱ्या निर्वाचकांच्या मनात तो उपराष्ट्राध्यक्षच होता. पण कायद्याला ते मन दिसत नव्हते. प्रतिनिधिगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्यानंतर फेब्रुवारी १८०१ मध्ये जेफर्सनची निवड झाली. या अनुभवातून १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती अंमलात आली व दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते देण्याची पद्धत सुरू झाली. तिने पेच मिटविला. परंतु दुसऱ्या पदासाठी राष्ट्राध्यक्ष होण्याच्या योग्यतेचा मनुष्य शोधण्याची निकडही तिनेच नाहीशी केली. पुढे हे पद राज्याराज्यांच्या व गटागटांच्या समजुतीचे साधन बनले.

१८४० मधील व्हिग पक्षाची जोडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. विल्यम हेन्री हॅरिसन हा वृद्ध सेनानी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. दक्षिणेतील मते मिळावीत म्हणून व्हर्जिनियाच्या जॉन टायलरला त्याच्या जोडीस दिले. टायलर पूर्वी डेमॉक्रॅटिक पक्षात होता व घटक राज्यांच्या हक्कांचा कट्टर पुरस्कर्ता होता. व्हिग पक्षाच्या आर्थिक कार्यक्रमाशी त्याचे मूलतःच जमत नव्हते. पक्षाने त्या वर्षी जाहीरनामाच काढला नाही, त्यामुळे हा विरोध झाकला गेला. हॅरिसनच्या १८११ मधील टिपेकनू येथील लढाईच्या नावाशी टायलरच्या नावाचे यमकवजा अनुप्रास जुळवून केलेली घोषणा देशभर गाजली. ४ एप्रिल १८४१ रोजी, अधिकारग्रहणानंतर महिन्याभरातच, हॅरिसन मरण पावला. टायलरने राष्ट्रीय बँकेची दोन विधेयके नकाराधिकार वापरून परत पाठविली. सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री डॅन्येल वेब्स्टरखेरीज सर्व मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पक्षाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाला बहिष्कृत केले. तथापि एक चिरस्थायी प्रघात टायलरच्या नावावर जमा आहे. उपराष्ट्राध्यक्षाकडे राष्ट्राध्यक्षाचे केवळ अधिकार येतात, की पदच येते, हे संविधानाच्या शब्दांवरून स्पष्ट होत नव्हते. टायलरने पदावरच हक्क सांगितला व तो मानला गेला. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने त्यास लेखी आधार मिळाला.

हे पद नाकारणारेही होते. १८४४ मध्ये बॉल्टिमोर येथे डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाने सायलस राइटला उमेदवारी दिली. वॉशिंग्टनमध्ये असलेल्या राइटने नुकत्याच सुरू झालेल्या तारायंत्रावरून नकार कळविला. नव्या यंत्राच्या पहिल्या राजकीय उपयोगांपैकी हा एक होता, हे गमतीचे आहे.

१८५० मध्ये झॅकरी टेलरच्या मृत्यूनंतर आलेल्या मिलर्ड फिल्मोरने टेलरचा विरोध असलेल्या तडजोडीच्या कायद्यांवर स्वाक्षऱ्या केल्या. त्यांत पळून गेलेल्या गुलामांना मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदाही होता. परंतु सर्वांत दूरगामी परिणाम १८६४ च्या निवडीचा झाला. यादवी युद्ध चालू असता अब्राहम लिंकनच्या जोडीचा मेन राज्याचा हॅनिबल हॅम्लिन याला वगळून अँड्रू जॉन्सनला उमेदवारी देण्यात आली. टेनेसीचा जॉन्सन डेमॉक्रॅटिक पक्षाचा होता व दक्षिणी असूनही संघराज्याशी एकनिष्ठ राहिला होता. युद्धाला केवळ एका पक्षाचा पाठिंबा नाही, हे दाखविण्यास तो अगदी सोयीचा होता. या बदलात लिंकनचा स्वतःचा हात किती होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली आणि प्रचारातील प्रतीक म्हणून घेतलेल्या या मनुष्याच्या हाती मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे भवितव्य आले. १८६६ चे नागरी हक्कांचे विधेयक त्याने फेटाळले. काँग्रेसने त्याचा नकाराधिकार डावलून ते संमत केले. संघर्ष विकोपास जाऊन १८६८ मध्ये त्याच्यावर महाभियोग चालला. सीनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशी मते पडून, एका मताने, तो बचावला. पुनर्रचनेच्या कार्याची या काळात झालेली हानी पुढे भरून निघाली नाही.

अर्थात सोयीसाठी घेतलेला मनुष्य अयोग्यच ठरतो, असेही नाही. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉस्को काँक्लिंगच्या गटाचे समाधान व्हावे म्हणून जेम्स गारफील्डबरोबर चेस्टर आर्थरला उभे केले. न्यूयॉर्क बंदराच्या जकात खात्याचा प्रमुख याखेरीज त्याच्याजवळ मोठ्या पदाचा अनुभव नव्हता आणि ते पदही पक्षीय वशिल्याचे आगर म्हणून कुप्रसिद्ध होते. १८८१ मध्ये गारफील्डची हत्या झाल्यावर याच आर्थरने १८८३ साली गुणवत्तेनुसार सरकारी नोकरभरती करण्याचा पेंडल्टन कायदा स्वाक्षरीने अंमलात आणला. १९०० साली न्यूयॉर्कचा सुधारणावादी गव्हर्नर थीओडोर रूझवेल्ट याला राज्याबाहेर घालविण्यासाठी तेथील पक्षप्रमुख टॉमस प्लॅट याने त्याला उपराष्ट्राध्यक्षपदाकडे ढकलले. सप्टेंबर १९०१ मध्ये विल्यम मॅकिन्लीची हत्या झाली आणि अडगळीत टाकू पाहिलेला मनुष्य राष्ट्राध्यक्ष झाला.

एकोणिसाव्या शतकात सहउमेदवार ठरविण्याचा अधिकार पक्षाच्या अधिवेशनाकडे, म्हणजे व्यवहारतः प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांकडे असे. तो मोडला फ्रँक्लिन डेलानो रूझवेल्टने. १९४० मध्ये त्याने कृषिमंत्री हेन्री वॉलिसचा आग्रह धरला. अधिवेशन नाखूष होते. वॉलिस मिळत नसेल तर स्वतःची उमेदवारीही नको, अशी रूझवेल्टची भूमिका होती. तेव्हा कोठे प्रतिनिधी नमले. त्याच रूझवेल्टने १९४४ मध्ये मात्र असा आग्रह धरला नाही, आणि ही निवड आधुनिक काळातील सर्वांत महत्त्वाची ठरली. त्या वर्षी मार्चमध्ये वैद्यकीय तपासणीत त्याचा हृद्‌विकार गंभीर असल्याचे निष्पन्न झाले होते. जनतेला याचा पत्ता नव्हता. पक्षातील वरिष्ठांना मात्र त्याचा चेहराच सर्व काही सांगत होता. आपण उपराष्ट्राध्यक्ष नव्हे, तर पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडत आहोत, अशी जाणीव अमेरिकेच्या इतिहासात बहुधा प्रथमच अधिवेशनापूर्वी निर्माण झाली. वॉलिस डाव्या विचारांचा म्हणून दक्षिणेतील पुढाऱ्यांना व शहरी पक्षप्रमुखांना नको होता. जेम्स बर्न्झ कामगार संघटनांना व कृष्णवर्णीय मतदारांना चालण्यासारखा नव्हता. रूझवेल्टने वॉलिसला अनुकूल असे एक पत्र दिले आणि पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनिगन याला हॅरी ट्रूमन व न्यायमूर्ती विल्यम डग्लस हे दोघेही आपल्याला चालतील, असे दुसरे दिले. खुद्द मिसूरीचा सीनेटर ट्रूमन बर्न्झचे नाव सुचविण्याचे वचन देऊन शिकागोस आला होता. पहिल्या फेरीत वॉलिस आघाडीवर होता. दुसऱ्या फेरीत ट्रूमन विजयी झाला. ज्याच्याविषयी कोणाचीच तीव्र हरकत नाही असा मनुष्य, एवढीच त्याची त्या दिवसाची योग्यता होती.

एवढी जाणीव असूनही निवडीनंतर वारसाची कोणतीही तयारी करण्यात आली नाही. ट्रूमन ८२ दिवस उपराष्ट्राध्यक्ष होता. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मरण पावला, तेव्हा अणुबाँबच्या योजनेविषयी ट्रूमनला तपशीलवार असे काहीच सांगण्यात आलेले नव्हते. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन याने २५ एप्रिल रोजी त्याला सविस्तर माहिती दिली. पुढे चार महिन्यांच्या आत दोन बाँब टाकले गेले. रूझवेल्टच्या असंख्य गुणांची नोंद करताना ही बेपर्वाई नजरेआड करता येत नाही.

१९५६ मध्ये ॲडलाय स्टीव्हन्सनने सहउमेदवाराची निवड अधिवेशनावर सोपविली. एस्टेस कीफॉव्हरने तरुण जॉन एफ्. केनेडीचा थोडक्यात पराभव केला. त्यानंतर ही निवड मुख्य उमेदवारच करू लागला. १९६० साली केनेडीने आपला प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन याला सोबत घेतले. ईशान्येकडील कॅथलिक व टेक्ससमधील प्रॉटेस्टंट अशी ही प्रादेशिक व धार्मिक समतोलाची नमुनेदार जोडी होती. टेक्सस राज्य तिला सुमारे ४६,००० मतांनी मिळाले. जॉन्सनने मात्र सावधगिरी म्हणून त्याच दिवशी सीनेटची निवडणूकही लढविली व जिंकली. केनेडीच्या हत्येनंतर (१९६३) त्याने १९६४ चा नागरी हक्क कायदा काँग्रेसकडून संमत करून घेतला. दक्षिणेच्या समाधानासाठी घेतलेल्या मनुष्याने दक्षिणेतील वंशभेदाच्या कायद्यांवर घाव घातला, हे लक्षणीय होय.

मुख्य उमेदवाराच्या हाती सर्व अधिकार आल्याने घाईचा धोकाही वाढला. जुलै १९७२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाच्या जॉर्ज मॅकगव्हर्नला अनेकांनी नकार दिल्यावर शेवटच्या काही तासांत मिसूरीचा सीनेटर टॉमस ईगल्टन याची निवड झाली. दूरध्वनीवरून विचारलेल्या त्रोटक प्रश्नाला ‘अडचण काही नाही’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले व तेवढ्यावर भागले. थोड्याच दिवसांत ईगल्टनवर नैराश्यासाठी रुग्णालयात तीनदा उपचार झाले होते व विद्युत्‌धक्केही दिले होते, हे उघड झाले. मॅकगव्हर्नने आपला हजार टक्के पाठिंबा जाहीर केला आणि नंतर तो काढून घेतला. ३१ जुलै रोजी ईगल्टन दूर झाला. आजारापेक्षाही या माघारीने मॅकगव्हर्नच्या निर्णयशक्तीविषयी शंका निर्माण केली. त्याच निवडणुकीत विजयी झालेला स्पायरो ॲग्न्यू याला पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. त्याच्या जागी पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार नेमलेला जेरल्ड फोर्ड ऑगस्ट १९७४ मध्ये रिचर्ड निक्सनच्या राजीनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष झाला. दोहोंपैकी कोणत्याही पदावर मतदारांनी न निवडलेला तो एकमेव राष्ट्राध्यक्ष होय.

१९७६ मध्ये जिमी कार्टरने इच्छुकांची कसून चौकशी करवून व स्वतः मुलाखती घेऊन वॉल्टर माँडेलची निवड केली. माँडेलला व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात, राष्ट्राध्यक्षाच्या निकट, कार्यालय मिळाले व सल्लागार म्हणून खरे काम मिळाले. चौकशीची ही पद्धत पुढे रूढ झाली. ती निर्दोष मात्र नव्हती. २००० साली जॉर्ज डब्ल्यू. बुशसाठी उमेदवार शोधण्याचे काम डिक चेनीकडे होते आणि निवड अखेर चेनीचीच झाली. निर्वाचकाने दोन्ही मते स्वतःच्या राज्याच्या रहिवाशांना देऊ नयेत, ही अठराव्या शतकातील अट तेव्हा आड आली. म्हणून चेनीने आपली मतदार नोंदणी टेक्ससमधून वायोमिंगला हलविली.

सहउमेदवार मते आणतो, ही समजूत पत्रकार व पक्षकार्यकर्ते यांच्यात दृढ आहे. तिला पुराव्याचा आधार मात्र कमी. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिसबरोबर टेक्ससचा लोकप्रिय सीनेटर लॉइड बेन्ट्सन होता; डॅन क्वेलच्या तुलनेत त्याची योग्यता बहुतेकांना अधिक वाटत होती. तरीही टेक्सस व निवडणूक दोन्ही जॉर्ज बुशने जिंकली. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्‌झला उत्तर कॅरोलायना, २०१२ मध्ये पॉल रायनला विस्कॉन्सिन मिळवून देता आले नाही. १९८४ मध्ये जेरल्डीन फेरारो या प्रमुख पक्षाच्या पहिल्या महिला सहउमेदवाराचे मोठे स्वागत झाले. पण रॉनल्ड रेगनने ४९ राज्ये जिंकली. क्रिस्तोफर डिव्हाइन व काइल कोपको या अभ्यासकांच्या मते सहउमेदवाराचा परिणाम होतो तो मुख्यतः अप्रत्यक्ष : त्याच्यावरून मतदार मुख्य उमेदवाराची पारख करतो. २००८ मध्ये जॉन मॅककेनने अलास्काची गव्हर्नर सेरा पेलिन हिची ऐनवेळी केलेली निवड प्रथम उत्साहवर्धक व नंतर अडचणीची ठरली, ती याच कारणाने. २०२० मध्ये जो बायडनबरोबर निवडून आलेली कमला हॅरिस ही या पदावरील पहिली महिला. तिची आई भारतात जन्मलेली होती. जुलै २०२४ मध्ये बायडनने माघार घेतल्यावर हॅरिस राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार झाली व तिला टिम वॉल्झची निवड अवघ्या सोळा दिवसांत जाहीर करावी लागली.

उपराष्ट्राध्यक्षाची कसोटी राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूनेच लागते असे नाही, हे ६ जानेवारी २०२१ रोजी दिसून आले. २०१६ मध्ये सनातनी ख्रिस्ती मतदारांना आश्वस्त करण्यासाठी डॉनल्ड ट्रम्पने इंडियानाचा गव्हर्नर माइक पेन्स याला सोबत घेतले होते. निर्वाचकांच्या मतांच्या मोजणीचे अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्षाकडे असते. काही राज्यांची मते नाकारावीत, ही ट्रम्पची मागणी पेन्सने मानली नाही. जमावाने संसदभवनावर हल्ला केल्यानंतरही त्याच रात्री मोजणी पुन्हा सुरू होऊन पहाटे पूर्ण झाली. हे काम केवळ औपचारिक आहे, असे डिसेंबर २०२२ च्या कायद्याने स्पष्ट केले. २०२४ मध्ये ट्रम्पने पेन्सऐवजी ओहायओचा सीनेटर जे. डी. व्हान्स याला सहउमेदवार केले व ही जोडी विजयी झाली.