मासे जगले, म्हणून पाणी चांगले?

नदीत मेलेले मासे तरंगू लागले की पाणी बिघडल्याचे कोणालाही कळते. पण मासे जिवंत असतील तर पाणी निर्धोक समजायचे का? हैदराबादजवळच्या पाटणचेरूची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा नदी पुढे तेलंगणात जाते. तेथे तिला नक्कावागू हा ओढा मिळतो. याच परिसरात पाटणचेरूची औद्योगिक वसाहत आहे. सुमारे ९० औषध-उत्पादकांचे सांडपाणी तेथील सामाईक केंद्रात शुद्ध करण्यासाठी येत असे. सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आम्लता, क्षार, सेंद्रिय पदार्थ मोजतात. औषधे मोजत नाहीत.

२००७ साली स्वीडनमधील योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी ती मोजली. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! दिवसाकाठी अंदाजे ४५ किलो औषध वाहून जात होते.

मग या पाण्याचा माशांवर काय परिणाम होतो? २००९ साली हे सांडपाणी ५०० पट पातळ करून त्यात रेनबो ट्राउट मासे ठेवण्यात आले. मासे जगले, परंतु त्यांच्या यकृतातील अनेक जनुकांचे कार्य बदलले, विषारी द्रव्ये हाताळणाऱ्या एका विकराची क्रिया बदलली, रक्तातील फॉस्फेटही बदलले. तितक्याच पातळ पाण्यात बेडकाच्या पिल्लांची वाढ ४० टक्क्यांनी घटली. अर्थात सांडपाण्यात अनेक रसायने असल्याने सारा दोष एकट्या प्रतिजैविकावर टाकता येणार नाही.

प्रतिजैविकाचा नेम असतो जीवाणूंवर. सिप्रोफ्लॉक्सासिन जीवाणूंच्या डीएनएची उकल करणारे विकर बंद पाडते. त्यामुळे पाण्यातले दुबळे जीवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि आपली प्रतिकारक जनुके इतरांनाही देतात. २०१३ साली पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात पाटणचेरूच्या केंद्रातील ९३ जीवाणू-वाण तपासले गेले. त्यांपैकी ८६ टक्के वाण २० किंवा अधिक प्रतिजैविकांना पुरून उरले! असे जीवाणू माणसापर्यंत पोहोचले तर डॉक्टरांनी कोणते औषध द्यावे?

२०२० च्या जानेवारीत केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या; त्या पाळण्याची सक्ती मात्र नाही.

पाण्याचे प्रदूषण शिकवताना वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : पाणी 'शुद्ध' आहे असे म्हणण्यापूर्वी त्यात नेमके काय काय मोजले आहे?