सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, निवृत्त मास्तराला लोक काय वाट्टेल ते विचारतात. पूर्वी पत्रिका जुळते का ते विचारायचे, आता "गुरुजी, इंटरनेट कोणत्या कंपनीचं घेऊ?" असं विचारतात. दुसरा प्रश्न जरा कमी लोक विचारतात, पण तो जास्त अवघड आहे. "संस्थेची वेबसाइट करायची आहे, ती कोणाकडे ठेवू?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे मला उत्तर द्यायचं तर आधी मागे जावं लागतं. तुम्हीही चला थोडं मागे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. इंटरनेट पुरवणारी कंपनी म्हणजे शेतापर्यंतचा पांदण रस्ता. वेबसाइट ठेवणारी कंपनी म्हणजे गावातली भाड्याची खोली. रस्ता बंद पडला तर चार दिवस खोळंबा होतो, पण खोलीतलं सामान जागेवर असतं. खोलीवाला पळाला तर मात्र सामानच जातं. पुष्कळ लोक रस्त्याची चौकशी दहा ठिकाणी करतात आणि खोली मात्र डोळे मिटून घेतात.

आता रस्त्याचा इतिहास. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून झाली. २५० तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये आणि संस्थेला १५,००० रुपये असा भाव होता. वेग विचाराल तर ९.६ केबीपीएस! दुकान एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. इथून जोडणी घ्यायची तर मुंबईला एसटीडी लावून मोडेमचा खरखराट ऐकत बसायचं आणि एसटीडीचं बिल वेगळं भरायचं. म्हणजे कंपनी कोणती हा मुद्दा नव्हताच. आपण राहतो कुठे, हाच खरा मुद्दा होता.

१९९८ साली दोन गोष्टी घडल्या. १ जुलैला वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनं इंटरनेट सेवा खाजगी कंपन्यांना खुली केली. परवान्याचे तीन वर्ग होते. 'अ' वर्ग साऱ्या देशासाठी, 'ब' वर्ग एखाद्या राज्यासाठी किंवा महानगरासाठी आणि 'क' वर्ग एखाद्या लहान टेलिफोन क्षेत्रासाठी. सत्यम इन्फोवे ही खाजगी क्षेत्रात पहिली उतरली. वर्तमानपत्रांत रोज नव्या कंपनीची जाहिरात यायला लागली.

पण कागदावर देश खुला झाला म्हणून वऱ्हाडातला माणूस मोकळा होत नाही. खाजगी कंपन्या मोठ्या शहरांच्या मागे लागल्या, कारण गिऱ्हाईक तिथे होतं. आमच्यासारख्या गावांत आधार होता तो टेलिफोन खात्याच्या संचारनेटचा. १ ऑक्टोबर २००० रोजी त्या खात्यातून भारत संचार निगम ही कंपनी झाली आणि संचारनेट तिच्याकडे गेलं. इंटरनेटचे तास वेगळे विकत घ्यायचे आणि फोनचं बिल वेगळं. जोडणी मध्येच तुटली की पुन्हा फोन लावायचा आणि मीटर पुन्हा सुरू. तेव्हा एमएस-सीआयटी करणारे आम्ही शिक्षक आधी वहीत पत्र लिहायचो आणि मग जोडणी लावून भराभर टंकायचो. तारेचा मजकूर शब्द मोजून लिहिण्याची जुनी सवय तिथे कामी आली!

ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. किमान २५६ केबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरलं. (ही मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. काळ किती पळतो पाहा.) १४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमनं 'डेटावन' सुरू केलं. त्यातली ५०० रुपयांची योजना पुष्कळांना आठवत असेल. रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत वापर मोजला जायचा नाही. त्यामुळे पोरं रात्री गजर लावून उठायची आणि संगणक उतरवून घेण्याच्या कामाला लावून पुन्हा झोपायची.

हे ब्रॉडबँड टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून यायचं. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. तारेला जितके सांधे जास्त, तितका पावसाळ्यात त्रास जास्त. म्हणून एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत झकास आणि दुसऱ्या गल्लीत रडकी असायची. आज काचतंतू आला आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत तो नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ साली मंजुरी दिली आणि तीच पुढे भारतनेट झाली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मोबाइलवरचं इंटरनेट अगदी स्वस्त झालं. आता वाशीमातही निवड करता येते. तरी माझं उत्तर जुनंच आहे. जाहिरातीतला वेग वाचू नका. शेजारच्या दोन घरांत जा आणि विचारा की मागच्या पावसाळ्यात लाईन किती दिवस बंद होती आणि दुरुस्तीला माणूस कधी आला. चांगला लाईनमन असलेली साधी कंपनी ही नावाजलेल्या पण न फिरकणाऱ्या कंपनीपेक्षा कधीही बरी.

आता खोलीकडे येऊ.

सुरुवातीला खोल्या फुकट मिळायच्या. जिओसिटीज नावाची अमेरिकन कंपनी १९९४ साली सुरू झाली. कुणीही यावं आणि आपलं पान मांडावं. १९९९ साली याहूनं ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पानं एका दिवशी उठली. सूचना दिली होती, काही संग्राहकांनी जमेल तेवढं उतरवूनही घेतलं. पण ज्यांनी सूचना वाचली नाही त्यांचं काय?

फुकटाचं असंच होणार, असं कुणी म्हणेल. तर पैसे मोजणाऱ्यांची गोष्ट ऐका. नेट फोर इंडिया ही आपल्याकडची जुनी, नावाजलेली कंपनी. २०१९ साली तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ग्राहकांना आपल्या वेबसाइटच्या नावांचं नूतनीकरण करता येईना की नाव दुसरीकडे हलवता येईना. शेवटी जगभरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं २०२१ साली तिची मान्यता रद्द केली आणि ती नावं मुंबईत सुरू झालेल्या दुसऱ्या एका कंपनीकडे सोपवली. हे करता आलं, कारण नोंदणी कंपन्यांना आपल्या नोंदींची एक प्रत तिऱ्हाइताकडे ठेवावी लागते, असा आयकॅनचा नियम आहे.

इथे नीट लक्ष द्या. तो नियम नावाच्या नोंदीपुरता आहे. वेबसाइटमधल्या मजकुराची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवा, असं त्यात कुठे नाही. सामान तुमचं, तर काळजीही तुमची.

आमच्या शाळेवर हे गुदरलं आहे. २००६ साली सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेची वेबसाइट निघाली. त्यासाठी मुलांनी गावोगाव हिंडून बावीस म्हाताऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून आणल्या. कामावर कोण गेलं, गुरं कुठे सोडली, सुकडी कशी मिळायची, असं सगळं. शहरातल्या एका कंपनीनं नाव आणि जागा दोन्ही दिलं आणि दरसाल पैसे घेतले. २०११ च्या उन्हाळ्यात साइट दिसेनाशी झाली. कंपनीचा फोन लागेना, पत्ता लावला तर तिथे दुसरंच दुकान. मग कळलं की वेबसाइटचं नाव शाळेच्या नव्हे, कंपनीनं स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं. शेत आम्ही कसत होतो आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच! मुलांच्या वह्यांतून नऊ आठवणी परत मिळाल्या. तेरा गेल्या.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट इथे १९३९ साली उजेडात आला. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचं ते दानपत्र. तो टिकला कारण तांबं टिकाऊ, हे खरंच. पण ताम्रपटाच्या पद्धतीत आणखी एक शहाणपण होतं. दान देणारा राजा, कोरणारा त्याचा कारागीर, पण पत्रे जायचे दान घेणाऱ्याच्या घरी. राजाची गादी गेली तरी पुरावा ज्याचा त्याच्यापाशी राहायचा.

म्हणून संस्थांना मी तीनच गोष्टी सांगतो. एक, वेबसाइटच्या नावाची नोंद संस्थेच्याच नावावर हवी आणि तिथला ईमेल संस्थेचा हवा, उत्साही तरुणाचा नको. तो उद्या नोकरीला पुण्याला जाईल. दोन, नाव एका कंपनीकडे आणि जागा दुसरीकडे ठेवा, म्हणजे एक बुडाली तरी दुसरी हाताशी राहते. तीन, दर तिमाहीला सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घ्या आणि ती उघडते का ते पाहा. भाव, जागा, वेग हे सगळं यानंतर.

उरलेल्या नऊ आठवणी आता शाळेच्या ग्रंथालयात छापील बांधणीत आहेत आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी संगणकावरही आहेत. त्या तेरांसाठी मी पुन्हा गावं फिरून पाहिली. सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

असो. तुमच्या संस्थेची वेबसाइट असेल, तर आजच तिचा सातबारा काढून पाहा.