नेलपॉलिश लवकर सुकावे म्हणून...

समारंभाला निघायची वेळ झालेली असते, साडी नेसून झालेली असते आणि ओल्या नेलपॉलिशमुळे दोन्ही हात अधांतरी धरून बसावे लागते. तेवढ्यात दाराची घंटा वाजते किंवा पर्समधून किल्ली काढावी लागते आणि नीट रंगवलेल्या नखावर ओरखडा उमटतो. हा प्रसंग टाळण्यासाठी घरोघरी नाना उपाय केले जातात. कुणी बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवते, कुणी खोबरेल तेलाचा थेंब सोडते, तर कुणी हेअर ड्रायर हाती घेते. यांतील काही उपाय खरोखर उपयोगी आहेत, काही केवळ समजुती आहेत आणि दोन-तीन चक्क धोकादायक आहेत. कोणता उपाय कोणत्या वर्गात मोडतो हे ओळखायचे, तर नेलपॉलिश 'सुकते' म्हणजे नेमके काय होते, एवढे समजून घेणे पुरेसे आहे.

सुकणे म्हणजे काय?

बाटलीतले साधे नेलपॉलिश हे एक प्रकारचे लॅकर असते. त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो तयार होतो. इथिल अ‍ॅसिटेट, ब्युटिल अ‍ॅसिटेट यांसारख्या द्रावकांत तो विरघळवतात. त्यात नखाला चिकटून राहण्यासाठी राळेसारखे पदार्थ, लवचिकपणा देणारे घटक आणि रंगद्रव्ये मिसळतात. नखावर थर दिला की द्रावक हवेत उडून जाते आणि मागे रंगाचा कडक, चकचकीत पापुद्रा उरतो. थोडक्यात, नेलपॉलिश सुकणे म्हणजे त्यातील द्रावक बाहेर पडणे. द्रावकाला बाहेर पडायला मदत करणारा उपाय तेवढा खरा. बाकीचे उपाय नखाला सुकल्याचा आभास देतात, किंवा सुकेपर्यंत त्याचे रक्षण करतात.

ही द्रावके एकाच वेगाने उडत नाहीत. इथिल अ‍ॅसिटेटचा उत्कलनबिंदू सुमारे ७७ अंश सेल्सिअस, तर ब्युटिल अ‍ॅसिटेटचा सुमारे १२६ अंश. पहिले चटकन निघून जाते, दुसरे रेंगाळते. उत्पादक हे मिश्रण मुद्दामच करतात. सारे द्रावक क्षणात उडाले, तर ब्रशच्या रेघा तशाच राहतील आणि रंग एकसारखा पसरणार नाही.

तापवलेल्या दुधावर साय धरते, पण खाली दूध पातळच असते. नेलपॉलिशचेही तसेच होते. वरचा पृष्ठभाग आधी कोरडा होतो आणि खालच्या थरात अडकलेल्या द्रावकाला त्या सायीतून वाट काढावी लागते. म्हणूनच बोटाला कोरडे लागणारे नख तासाभराने कणीक मळताना दबते आणि रात्री झोपण्यापूर्वी रंगवलेल्या नखांवर सकाळी चादरीची वीण उमटलेली दिसते.

वेगासाठीच निवडलेला रंग

आज संथ वाटणारा हा रंग एकेकाळी वेगासाठीच नावाजला गेला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील मोटार कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकरचा वापर वाढला. जुन्या पद्धतीच्या तैलरंगांना गाडी पूर्ण सुकवायला कित्येक दिवस लागत, तर हे लॅकर काही तासांत सुकत असे. पुढे याच घटकावर आधारलेले, रंगद्रव्ये मिसळलेले नेल एनॅमल सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात आले. १९३२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीची सुरुवातच नेल एनॅमलपासून झाली. भारतात टाटा समूहाने १९५२ मध्ये 'लॅक्मे' सुरू केली आणि देशी बनावटीची सौंदर्यप्रसाधने मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागली.

खरा उपाय ब्रश उचलण्यापूर्वी

लवकर सुकण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पातळ थर. थराची जाडी दुप्पट झाली, की आत अडकलेले द्रावक बाहेर पडण्यास लागणारा वेळ केवळ दुप्पट होत नाही, तो चौपटीपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे एका जाड थरापेक्षा दोन किंवा तीन पातळ थर एकूण कमी वेळात सुकतात आणि अधिक टिकतात. पुढील गोष्टींकडे लक्ष दिल्यास निम्मे काम आधीच होते.

* नखे कोरडी आणि तेलविरहित असावीत. हात पाण्यात बराच वेळ राहिले, तर नख पाणी शोषून किंचित फुगते. नंतर ते आकसते तेव्हा वरचा रंग सुटू लागतो. म्हणून भांडी किंवा आंघोळ यांनंतर लगेच नखे रंगवू नयेत. रंगवण्यापूर्वी रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस नखांवरून एकदा फिरवावा.

* बाटली जोरजोराने हलवू नये. त्यामुळे रंगात हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते नखावर दिसतात. बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलकेच फिरवावी.

* ब्रश बाटलीच्या तोंडाशी निपटून घ्यावा. एक फटकारा नखाच्या मध्यावर आणि एकेक दोन्ही कडांना, अशा तीन फटकाऱ्यांत नख पूर्ण व्हावे. पहिला थर थोडा विरळ दिसला तरी चालतो. तो भरून काढण्यासाठी दुसरा थर असतोच.

* दोन थरांमध्ये किमान दोन ते तीन मिनिटे जाऊ द्यावीत. दहाही बोटे क्रमाने रंगवली, तर शेवटचे बोट होईपर्यंत पहिले बोट बऱ्याच अंशी तयार झालेले असते.

* जुनी, घट्ट झालेली बाटली घाईच्या दिवशी वापरू नये. तिच्यातील द्रावक उडून गेल्यामुळे रंग जाड लागतो. तो पातळ करायचा असल्यास नेलपॉलिशसाठी मिळणाऱ्या थिनरचे दोन-तीन थेंब घालावेत. रिमूव्हर घालणे टाळावे, कारण त्यात अनेकदा पाणी, तेल आणि सुगंधी द्रव्ये असतात व रंगाचा पोत बिघडतो.

घरगुती उपायांची पारख

पंखा : साधा, स्वस्त आणि खरोखर उपयोगी. नखाभोवती साचलेली द्रावकाची वाफ वाऱ्याने दूर जाते आणि नवी वाफ बाहेर पडण्यास जागा होते. हात पंख्याच्या अगदी जवळ न नेता मध्यम वेगाच्या झोतात धरावेत. तोंडाने फुंकर घालण्याचा मात्र फारसा लाभ नाही. श्वासातली हवा दमट असते आणि झोत एका जागी टिकत नाही.

हेअर ड्रायर : थंड हवेची कळ असेल तरच वापरावा. गरम झोताने वरचा थर झटकन कोरडा होतो आणि आतले द्रावक वाफ होऊन वर येताना बुडबुडे उठतात. शिवाय उष्णतेने पापुद्रा मऊ पडतो.

बर्फाचे पाणी : सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमज असलेला उपाय. थंडीने पापुद्रा ताठर होतो, त्यामुळे नख सुकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कमी तापमानात बाष्पीभवन मंदावते. हात पुन्हा उबदार झाले, की आत राहिलेल्या द्रावकामुळे रंग मऊच असल्याचे लक्षात येते. चप्पल घालण्यापुरती किंवा पर्स उचलण्यापुरती सवड हवी असेल, तर हा उपाय कामी येतो. मात्र दोन-तीन मिनिटे वाळू दिल्यानंतरच बोटे बुडवावीत, अन्यथा पाण्याच्या हालचालीने ओला रंग सरकतो.

खोबरेल तेल : तेलाने रंग सुकत नाही. तेलाच्या थेंबामुळे पृष्ठभाग निसरडा होतो, एवढेच. मग कापडाचा धागा किंवा दुसऱ्या बोटाचा स्पर्श नखावर न रुतता घसरून जातो. हा बचाव उपयोगी आहे, शिवाय नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेलाही ओलावा मिळतो. मात्र पुढचा थर द्यायचा असेल, तर तेल लावू नये. बाजारात मिळणारे 'ड्राइंग ड्रॉप्स' बरेचसे याच तत्त्वावर चालतात. त्यांत चटकन उडून जाणारी सिलिकॉन द्रव्ये किंवा हलकी तेले असतात.

क्विक ड्राय टॉप कोट : विकतच्या उपायांपैकी हा सर्वांत भरवशाचा. त्यात वेगाने उडणारी द्रावके आणि कठीण पापुद्रा तयार करणारी द्रव्ये असतात. रंगाचा शेवटचा थर किंचित ओला असतानाच तो लावल्यास दोन्ही थर एकजीव होतात. मात्र खालचे थर जाड असतील, तर हा टॉप कोटही वरवरची साय धरण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

पावसाळ्यातील पांढुरकेपणा

मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत नेलपॉलिशची आणखी एक तक्रार ऐकू येते. गडद रंगावर पांढुरकी, धुरकट छटा येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करते. त्या थंडाव्यामुळे हवेतील बाष्प नखावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने जमते आणि लॅकर गढूळ दिसू लागते. लाकडी फर्निचरला लॅकर मारणाऱ्या कारागिरांना हा दोष चांगला परिचित आहे. अशा दिवसांत थर अधिकच पातळ द्यावेत आणि वातानुकूलित किंवा पंखा असलेल्या कोरड्या खोलीत बसावे. आंघोळीनंतर वाफ भरलेल्या न्हाणीघरात किंवा कुकर चालू असलेल्या स्वयंपाकघरात नखे रंगवू नयेत. पाण्यावर आधारलेली नेलपॉलिशे दमट हवेत अधिकच संथ सुकतात.

घाईतले धोके

गॅसच्या शेगडीची ऊब, निरांजनाची ज्योत किंवा मेणबत्ती यांच्याजवळ नखे शेकणे हा जिवाशी खेळ आहे. इथिल अ‍ॅसिटेटची वाफ उणे ४ अंश सेल्सिअस इतक्या कमी तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलाच्या पृष्ठभागावरून सरकत काही अंतरावरील ज्योतीपर्यंत पोहोचते. रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन याहूनही ज्वालाग्राही आहे. डिओडरंटचा फवारा मारून नखे थंड करण्याची युक्तीही टाळावी, कारण अशा अनेक डब्यांत दाबासाठी ज्वलनशील वायू भरलेला असतो.

नायट्रोसेल्युलोजच्या कुळाचा स्वभावच तापट आहे. १८४६ मध्ये क्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने त्याची माहिती जगापुढे आणली, ती 'गनकॉटन' या स्फोटकाच्या रूपात. मूकपटांच्या काळातील चित्रफितीही याच कुळातील पदार्थापासून बनत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आणि त्यासोबत अनेक जुने चित्रपट भस्मसात झाले. नखावरचा पातळ थर म्हणजे चित्रफितीचे भांडार नव्हे, हे खरे. पण उघडी बाटली, रिमूव्हरने भिजलेला कापूस आणि जळती शेगडी एकत्र आणू नये, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो. देवघरात दिवा लागलेला असताना शेजारीच मुलींनी नखे रंगवत बसणेही योग्य नाही.

खिडकी उघडी ठेवणे दोन कारणांनी हिताचे. वाफ बाहेर गेल्याने रंग लवकर सुकतो आणि बंद खोलीतल्या उग्र वासाने होणारी डोकेदुखी टळते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी याची विशेष काळजी घ्यावी.

दिव्याखालचे जेल पॉलिश

हल्ली काही जणी साधे नेलपॉलिश लावून यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली हात धरतात. त्याचा उपयोग होत नाही. दिव्याखाली घट्ट होणारे जेल पॉलिश हा वेगळाच पदार्थ आहे. त्यात प्रकाशाने क्रियाशील होणारी द्रव्ये असतात आणि रासायनिक साखळ्या जुळून ते मिनिटभरात कडक होते. साध्या नेलपॉलिशमध्ये अशी द्रव्ये नसल्याने दिवा त्याला काहीच करू शकत नाही.

वेळ वाचवण्यासाठी घरीच जेलचा संच वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्धवट घट्ट झालेले जेल त्वचेला लागत राहिल्यास अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती आयुष्यभर राहू शकते. पुढे दातांच्या उपचारांतील काही द्रव्यांचाही अशा व्यक्तींना त्रास होण्याची शक्यता असते. युरोपीय संघाने २०२० मधील नियमाद्वारे 'हेमा' हा जेलमधील घटक असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली, तर 'टीपीओ' या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली.

वेळेचा हिशेब

दोन पातळ थर आणि वर टॉप कोट, एवढ्याला सुमारे १५ मिनिटे लागतात. त्यानंतर पंख्याखाली १० ते १५ मिनिटे बसल्यास नख हलका स्पर्श सोसते. गरम पाणी, कणीक मळणे, घट्ट बूट आणि अंथरूण यांपासून आणखी दोन तास तरी नखांना दूर ठेवावे. पूर्ण कडकपणा त्याहून सावकाश, काही तासांनी येतो. म्हणून हळदीकुंकू असो वा लग्न, नखे दागिन्यांनंतर घाईघाईने न रंगवता आदल्या दिवशी दुपारी, निवांत वेळी रंगवावीत. साडी नेसणे, केस विंचरणे, बांगड्या भरणे ही हातांची कामे मग निर्धास्तपणे करता येतात.

आणि एखादे नख बिघडलेच, तर सगळा हात पुसून काढण्याची गरज नाही. रिमूव्हरमध्ये किंचित भिजवलेल्या बोटाच्या टोकाने ओरखडा हलकेच सपाट करावा, दोन मिनिटे थांबावे आणि त्यावर एक पातळ थर द्यावा. जाड थराने डाग लवकर झाकला जातो, पण सुकण्याची प्रतीक्षा मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.