आधी कोणता मासा, मग किती

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर अंगाने पैनगंगा वाहते. अलीकडे तेलंगण, पलीकडे यवतमाळ. माशाला ही हद्द ठाऊक नाही. काठ बदलला की बदलते ते त्याचे नाव. पलीकडची मरळ अलीकडे कोर्रमीनु होते, आणि २०१६ पासून तीच तेलंगणाचा राज्यमासा आहे. संरक्षित क्षेत्र म्हटले की आपल्याला वाघांची गणती आठवते. मासे या हिशेबात फार उशिरा आले: वन्यजीव कायदा १९७२ चा, पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत मासा शिरला तो २००१ मध्ये, व्हेल शार्कच्या रूपाने. त्यामुळे माशांचे सर्वेक्षण ही अगदी अलीकडची, पाणबुड्यांची विद्या आहे असा समज होतो. मला तो चुकीचा वाटतो. दख्खनच्या नद्यांमध्ये तिचा पाया भोयांच्या तोंडच्या नावांवर घातला गेला आहे.

मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून काही वर्षे दख्खनमध्ये फिरला. जमीन, पिके, माणसे यांच्या नोंदी करता करता त्याने भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतले मासेही टिपले. १८३९ मध्ये त्यांची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याने नव्या जातींना दिलेली नावे वाचताना मौज वाटते: खुद्री, कोळस, नकटा, शिंगटी. लॅटिनच्या पंक्तीत मराठी शब्द जसेच्या तसे बसवलेले! त्यांच्यासोबत ताज्या माशावरून काढलेली मापशीर चित्रे होती आणि मासा कुठल्या नदीत मिळाला त्याची नोंदही.

यावर आक्षेप येईल की ही तर नुसती यादी, यात मोजणी कुठे आहे? शिवाय जाळ्यात किंवा बाजारात आले तेवढेच मासे साहेबाने पाहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण ‘किती’ विचारण्याआधी ‘कोणता’ हे ठरावे लागते, आणि ते न ठरल्याची किंमत कावेरीने मोजली. तिथल्या कुबडवाल्या महासीर माशाला कित्येक वर्षे साइक्सचा ‘मुसुल्ला’ समजले जात होते. साइक्सचे वर्णन आणि घोड नदीची त्याची नोंद पुन्हा तपासल्यावर मुसुल्ला हा महासीर नव्हेच, असे अभ्यासकांनी मांडले. तोवर लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्ले कावेरीत सोडली जात होती, आणि परक्या खुद्रीपुढे मूळ महासीर मागे हटत गेला. त्याला योग्य शास्त्रीय नाव मिळाले २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तही ठरला.

बोलीतली नावे भरवशाची नसतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच माशाची लहानपणी आणि मोठेपणी वेगळी नावे असतात, गावागणिकही ती फिरतात. म्हणूनच नाव एकटे पुरत नाही, त्याला चित्राची आणि ठिकाणाची जोड लागते. समुद्रातही याहून वेगळे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. अशा ठिकाणी प्रवाळाच्या खडकांवर दोरी ताणून, तिच्या कडेने पोहत दिसतील ते मासे मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पण पाण्याखाली क्षणभर दिसलेला मासा ओळखता आला तरच पाटीवरच्या आकड्याला अर्थ. पैनगंगेच्या पावसाळी गढूळ पाण्यात तर तेही साधन नाही. तिथे जाळे, टोपली आणि भोयाचे डोळे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हैदराबाद संस्थानात १९४० च्या दशकात मासे नोंदवण्याचे हे काम जिल्हावार सुरू झाले होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४७ मध्ये निझामाबाद जिल्ह्यातील माशांची यादी आली. निझामाबादसमोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठाला, तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा. पुढे १९६३ मध्ये याच पट्ट्यात पोचमपाड धरणाची पायाभरणी झाली. धरणाने इथले कोणते मासे अडवले हे आज कुणाला शोधायचे असेल, तर त्याला त्या यादीपासूनच सुरुवात करावी लागेल.