अनुमोदन : कृतज्ञतेला उत्तर देण्याची विनयपरंपरा

विहारातील किंवा समाजमंदिरातील कोणत्याही कार्यक्रमाची सांगता आभारप्रदर्शनाने होते. ज्यांचे आभार मानावयाचे त्यांची यादी वाचली जाते आणि शेवटी 'आभार न मानता आम्ही त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करतो' हे ठरलेले वाक्य येते. त्या वेळी ज्यांचे नाव घेतले जाते ती मंडळी काय करतात, इकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. बहुतेकजण मान खाली घालतात. कोणी हात हलवून 'छे, त्यात काय एवढे' असे पुटपुटतो. एखादी वृद्ध उपासिका कार्यक्रमानंतर जवळ येऊन 'फार उपकार झाले' म्हणते, तेव्हा आम्हीही 'नाही, नाही' म्हणूनच मोकळे होतो. तिने मोठ्या मनाने काही दिले आणि आम्ही ते न घेताच परत केले, हे आमच्या लक्षात येत नाही.

आभार कसे मानावेत याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. मानलेल्या आभारांना उत्तर कसे द्यावे याचा विचार त्या मानाने थोडा झाला. पालि विनयपिटकात मात्र हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झालेला आहे आणि त्यावर नियमही झालेले आहेत. प्रस्तुत लेखात त्या नियमांचा इतिहास पाहून आजच्या आपल्या आचाराशी त्याचा काय संबंध पोहोचतो, ते तपासण्याचा आमचा उद्देश आहे.

शब्दाचा अर्थ

मराठीतील 'आभार' या शब्दात भार आहे. उपकार 'फेडावे' लागतात, माणूस उपकाराच्या 'ओझ्याखाली' असतो. ही सारी भाषा कर्जाची आहे. पालि वाङ्मयात कृतज्ञतेसाठी 'कतञ्ञुता' आणि 'कतवेदिता' असे दोन शब्द जोडीने येतात. केलेले जाणणे ही कतञ्ञुता आणि जाणलेले प्रकट करणे ही कतवेदिता. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात जगात दुर्लभ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत : आपण होऊन प्रथम उपकार करणारी, आणि तो जाणून प्रकट करणारी. दोघांची नावे एकाच वाक्यात, एकाच पातळीवर घेतली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कृतज्ञतेच्या उत्तरासाठी जो शब्द विनयात रूढ झाला तो 'अनुमोदना' होय. 'अनु' म्हणजे मागोमाग, सोबत. 'मुद्' म्हणजे आनंदणे. दुसऱ्याच्या कुशल कर्माने आपणही आनंदणे, हा त्याचा मूळ अर्थ. भिक्षूने भोजन स्वीकारले म्हणजे तो दात्याचा ऋणको झाला, अशी कल्पना येथे नाही. इतिवुत्तकात गृहस्थ आणि अनगारिक हे परस्परांना उपकारक मानले आहेत : गृहस्थ चीवर, पिंडपात, निवास व औषध देतो, भिक्षू धम्म देतो. या दृष्टीने पाहिले असता गृहस्थाने दिलेले भोजन हीच त्याची धम्माविषयीची कृतज्ञता ठरते, आणि भिक्षूची अनुमोदना हे त्या कृतज्ञतेला दिलेले उत्तर.

शिंकेचा प्रसंग

या विषयातील एक बोलका प्रसंग चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खंधकात आला आहे. भगवान बुद्ध मोठ्या परिषदेत धम्मोपदेश करीत असताना त्यांना शिंक आली. तत्काळ भिक्षूंनी भगवंतांच्या दीर्घायुष्याची इच्छा व्यक्त करीत मोठा घोष केला आणि त्या गलबल्यात उपदेश खंडित झाला. तथागतांनी विचारले, शिंकलेल्या माणसाला 'जीव' म्हटल्यामुळे तो जगतो काय, किंवा मरतो काय? भिक्षूंनी 'नाही' म्हणून सांगितले. तेव्हा असे म्हणू नये, म्हटल्यास दुक्कटाची आपत्ती, असा नियम झाला.

एवढ्यावर प्रसंग संपला असता तर बुद्धिवादाचे एक उत्तम उदाहरण म्हणून आम्ही तो सांगितला असता. परंतु पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. भिक्षूंना शिंक आली की लोक त्यांना दीर्घायुष्य चिंतू लागले. नियमाच्या धास्तीने भिक्षू गप्प राहू लागले. लोक नाराज झाले : आम्ही शुभ चिंतितो आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण साधा प्रतिसादही देत नाहीत, हे कसे? ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली. गृहस्थ मंगलाची आवड असणारे असतात, असे सांगून त्यांनी भिक्षूंना गृहस्थाच्या शुभेच्छेला 'चिरं जीव' असे उत्तर देण्याची अनुज्ञा दिली.

शब्दाने आयुष्य वाढत नाही, हे मत भगवंतांनी बदललेले नाही. पण समोरच्याने जे सद्भावनेने दिले ते तत्त्वाच्या नावाखाली निरुत्तर ठेवणे त्यांना मान्य झाले नाही. तत्त्वाचा कडवेपणा आणि वागण्यातील कोरडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लहानशा नियमाने स्पष्ट केले. याच प्रसंगावर गग्गजातक बेतलेले आहे. तेथील यक्षाला दोन प्रकारची माणसे खाण्याची मनाई आहे : शिंकणाऱ्याला 'जीव' म्हणणारा आणि त्यावर 'तूही जीव' असे उलट म्हणणारा. शुभेच्छा देणाऱ्याइतकेच उत्तर देणाऱ्यालाही संरक्षण आहे, हा लोककथेचा निर्वाळा मार्मिक आहे.

भोजनशाळेतील नियम

अनुमोदनेचा प्रत्यक्ष नियम चुल्लवग्गाच्या वत्तक्खंधकात सापडतो. भिक्षू भोजन आटोपून काही न बोलता निघून जात. लोकांनी कुरकुर केली. ती ऐकून भगवंतांनी भोजनशाळेत अनुमोदना करण्याची अनुज्ञा दिली. मग ती कोणी करावी असा प्रश्न निघाला; ज्येष्ठ भिक्षूने करावी असे ठरले.

पुढे एका पूगाने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेने, संघाला भोजन दिले. त्या वेळी सारिपुत्त संघस्थविर होते. अनुमोदनेची जबाबदारी स्थविरांची, असे म्हणून बाकीचे भिक्षू त्यांना एकटे सोडून निघून गेले. सारिपुत्तांनी अनुमोदना केली आणि ते मागाहून एकटेच परतले. त्यांना एकटे येताना पाहून भगवंतांनी चौकशी केली आणि चार-पाच ज्येष्ठ भिक्षूंनी थांबावे असा नियम केला. यानंतर एक स्थविर शौचाची निकड असतानाही नियमासाठी थांबून राहिले आणि मूर्च्छा येऊन पडले. तेव्हा निकडीचे काम असल्यास शेजारच्या भिक्षूला सांगून जाण्यास हरकत नाही, अशी सवलत देण्यात आली.

विनयाचे नियम असे घडत गेले. लोकांची तक्रार, नियम, नियमाचा अतिरेक, आणि त्यावर विवेकाने केलेली दुरुस्ती. आम्हांला यातून दोन गोष्टी दिसतात. दात्याचा भाव मोकळा सोडू नये, हा आग्रह उपासकांचा होता व संघाने तो रास्त मानला. शिवाय हे उत्तर एकट्याचे नसून संघाचे असावे; ज्येष्ठाने बोलावे, पण इतरांनी उठून जाऊ नये. आपल्या सभांतून आभारप्रदर्शन सुरू होताच अर्धे सभागृह रिकामे होते, ही गोष्ट येथे सहज आठवते.

साठ विहार आणि जेतवन

अनुमोदनेत काय बोलले जाई? सेनासनक्खंधकात याचे उत्तर आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवास बांधवून ते आगत-अनागत चातुद्दिस संघाला दिले. त्या प्रसंगी भगवंतांनी गाथांतून अनुमोदना केली. थंडी, ऊन, वारा, पाऊस, हिंस्र पशू, सरपटणारे प्राणी आणि डास यांपासून निवास रक्षण करतो. म्हणून शहाण्याने विहार बांधावेत व तेथे बहुश्रुतांना ठेवावे, म्हणजे ते दुःख दूर करणारा धम्म त्याला सांगतील, असा त्यांचा आशय आहे. पुढे अनाथपिंडिकाने श्रावस्तीचे जेतवन दिले. ज्या भूमीवर नाणी अंथरून ती विकत घेतली गेली, त्या दानाच्या वेळीही भगवंतांनी त्याच गाथा म्हटल्या. दानाची किंमत वाढली म्हणून उत्तर वाढले नाही.

या गाथांत दात्याच्या नावाची स्तुती नाही, वंशाचा गौरव नाही, आणि 'आम्ही या योग्य नाही' असा खोटा संकोचही नाही. त्यांत केवळ हे सांगितले आहे की, दिलेल्या वस्तूचा उपयोग काय होणार आहे. दात्याला याहून अधिक समाधानाची गोष्ट कोणती असू शकते? 'त्यात काय एवढे' म्हटल्याने दान लहान होते. 'आपल्यासारखे दानशूर विरळा' म्हटल्याने दाता फुगतो. 'या निवासात डास चावणार नाहीत' असे म्हटल्याने दान आपल्या जागी राहते आणि दाताही.

एक नकार आणि एक निरोप

प्रत्येक देणे स्वीकारावे असे मात्र नाही. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज ब्राह्मणाने भगवंतांच्या गाथा ऐकून प्रसन्न होऊन पायसाने भरलेले पात्र पुढे केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. गाथा म्हणून मिळवलेले अन्न त्यांना ग्राह्य नव्हते. कृतज्ञता मोबदल्याच्या रूपाने आली, तर धम्म विकला जाण्याचा धोका असतो. म्हणून वस्तू नाकारली. ब्राह्मणाला मात्र दूर लोटले नाही. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत झाला, असे ते सुत्त सांगते.

याच्या दुसऱ्या टोकाला चुंद कर्मारपुत्राची गोष्ट आहे. त्याच्याकडील भोजनानंतर भगवंतांचा अखेरचा आजार बळावला. महापरिनिब्बान सुत्तानुसार, चुंदाला कोणी दोष देईल व तो पश्चात्तापाने पोळेल, याची चिंता त्यांना वाटली. त्यांनी आनंदाकडून निरोप ठेवला : संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन, ही दोन्ही समान फळाची व इतर सर्व पिंडपातांहून श्रेष्ठ आहेत. ज्याचे दान बाधले, त्याचेही मन जपले गेले. अनुमोदनेचे याहून उंच उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

लेण्यांतील एकतर्फी लेख

महाराष्ट्रातील लेण्यांत दात्यांचे बोल दगडावर शिल्लक आहेत. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेखांत 'देयधम्म' हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. नाशिकच्या लेणे क्र. 10 मधील उषवदाताच्या लेखात 3000 कार्षापणांच्या अक्षयनीवीचा तपशील आहे. त्यांपैकी 2000 कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले. त्या 240 कार्षापणांच्या वार्षिक व्याजातून लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावेत, असा हिशेब आहे. राजजामातापासून सुतारापर्यंत, भिक्षुणीपासून गृहिणीपर्यंत अनेकांची नावे या लेखांतून आपल्यापर्यंत आली.

पण संघाने त्यांना काय उत्तर दिले, ते दगडावर नाही. ते बोलले जात होते. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने आपल्या वृत्तांतात भोजनोत्तर म्हटल्या जाणाऱ्या दानगाथांचा उल्लेख केला आहे. थायलंड, श्रीलंका, म्यानमार येथे भोजनानंतरची अनुमोदना आजही ऐकू येते. आपल्याकडे संघ नाहीसा झाला आणि दात्यांचे लेख उरले. उत्तराचा आवाज तेवढा लोपला.

आपला प्रश्न

मराठीत हा शब्द मात्र दोन ठिकाणी तगून राहिला. सभेत ठराव मांडणारा 'सूचक' आणि त्याला दुजोरा देणारा 'अनुमोदक', हे एक ठिकाण. दुसरे म्हणजे दिवंगताच्या स्मरणार्थ होणारा 'पुण्यानुमोदन' कार्यक्रम. जिवंत माणसाच्या चांगल्या कर्माने त्याच्या देखत आनंदणे, हा त्याचा मूळ अर्थ या दोहोंच्या मध्ये हरवला आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शतकानुशतके आपल्या पूर्वजांना 'जोहार मायबाप' म्हणून लवावे लागले. येसकराने दारोदार भाकरी मागावी, शिळेपाके ओंजळीत घ्यावे आणि वर उपकार मानावेत, अशी गावगाड्याची रीत होती. राबणाऱ्यानेच आभार मानावयाचे, ही ती उलटी व्यवस्था. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडच्या परिषदेत मृत मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले, ते या व्यवस्थेच्या मुळावर घातलेले घाव होते. ज्यांना कृतज्ञता सक्तीने करावी लागली, त्यांच्या वारसांना ती स्वीकारतानाही अवघडल्यासारखे व्हावे, यात नवल नाही. 'उपकार' हा शब्द ऐकताच आपण दचकतो आणि 'नाही, नाही' म्हणतो, त्यामागे हा इतिहासही असावा, असे आम्हांला वाटते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला स्वीकारलेल्या धम्माने या दुखण्यावर उपाय दिला आहे. तो ओळखून वापरला पाहिजे. वंदन करणाऱ्याला भिक्षू 'सुखी होतु' म्हणतात. चांगले ऐकले की आपण तीन वेळा 'साधु' म्हणतो. हे उत्तर कोणाला वर नेत नाही, कोणाला खाली ढकलत नाही. त्या वृद्ध उपासिकेला आम्ही यापुढे 'नाही, नाही' म्हणणार नाही. थांबून तिचे ऐकू, 'बरे वाटले, आजी' म्हणू, आणि तिने आणून दिलेले तांदूळ कोणत्या मुलांच्या ताटात जाणार आहेत, ते तिला सांगू. विनयाला याहून अधिक अपेक्षित नाही.

जोहाराच्या जागी आपल्याकडे जे अभिवादन आले, त्याची रीत पाहावी. एकाने 'जय भीम' म्हणावे, दुसऱ्यानेही 'जय भीम' म्हणावे. म्हणणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे त्या शब्दांवरून ओळखता येत नाही. कृतज्ञतेच्या बाबतीतही आपला व्यवहार असाच व्हावा, ही आमची मनोकामना आहे.