गो खेळातील ‘को’ आणि त्याच्या अभ्यासग्रंथांचा इतिहास

प्रस्तावना

गो हा चीनमध्ये उगम पावलेला आणि पुढे कोरिया व जपान येथे बहरलेला पटावरील खेळ आहे. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेषांच्या ३६१ छेदनबिंदूंवर काळ्या व पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवून अधिकाधिक प्रदेश वेढणे, हे त्याचे उद्दिष्ट. या खेळाच्या अध्ययनासाठी निर्माण झालेले वाङ्मय विपुल आहे. डावाचा आरंभ, कोपऱ्यांतील रूढ खेळ्या, सोंगट्यांच्या समूहाचे जीवन-मरण, डावाची अखेर अशा प्रत्येक अंगावर अनेक स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध आहेत. ‘को’ या अंगावर मात्र चांगले अभ्यासपुस्तक शोधू लागल्यास हाती फारसे लागत नाही. वास्तविक को उद्भवत नाही असा डाव क्वचितच आढळतो. मग त्यावरील ग्रंथ इतके विरळ का? ही विरळता लेखकांच्या अनास्थेपेक्षा विषयाच्या स्वरूपातून अधिक उद्भवली आहे, हे ऐतिहासिक क्रमाने दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘को’चे स्वरूप

एखाद्या सोंगटीच्या लगतचे सर्व बिंदू प्रतिपक्षाने व्यापले, की ती सोंगटी पकडली जाते व पटावरून उचलली जाते. काही वेळा रचना अशी बनते की, काळ्याने पांढऱ्याची एक सोंगटी उचलताच पांढऱ्यालाही काळ्याची नुकतीच ठेवलेली सोंगटी उचलता येईल आणि पट पूर्वस्थितीला येईल. हे चक्र अंतहीन चालू नये यासाठी नियम असा आहे की, तेथे तत्काळ उलट पकड करता येत नाही. मध्ये निदान एक खेळी अन्यत्र खेळावी लागते. ही खेळी अर्थातच अशी निवडली जाते, की तिला उत्तर देणे प्रतिपक्षाला भाग पडावे. तिला ‘को-धमकी’ म्हणता येईल. प्रतिपक्षाने उत्तर दिले, की को परत पकडता येतो. मग धमकी शोधण्याची पाळी दुसऱ्याची. अखेरीस कोणीतरी एक पक्ष धमकीची उपेक्षा करून को मिटवितो आणि दुसरा पक्ष धमकीच्या जागी लागोपाठ दोन खेळ्या खेळून भरपाई मिळवितो. अशा रीतीने एका कोपऱ्यातील झुंजीचा निकाल पटाच्या दुसऱ्या टोकाच्या परिस्थितीवर अवलंबून राहतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

‘को’ या जपानी शब्दासाठी वापरले जाणारे चिन्ह मूळ चिनी असून त्याचा चिनी उच्चार ‘ज्ये’ असा आहे. लुबाडणे, बळाने घेणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणताना संस्कृत ‘कल्प’ या शब्दासाठी याच चिन्हाची योजना झाली. आपल्याकडे पूजेच्या संकल्पात ज्याचा उच्चार होतो तोच हा कल्प. सोंगटी हिसकावून घेणे आणि न संपणारा काळ, हे दोन्ही अर्थ खेळातील या स्थितीला लागू पडतात.

प्राचीन ग्रंथांतील स्थान

सोंग काळातील ‘तेरा प्रकरणांचे अभिजात शास्त्र’ या चिनी ग्रंथात खेळ्यांच्या नावांचे एक प्रकरण आहे. त्यात दिलेल्या बत्तीस संज्ञांमध्ये ‘ज्ये’चा समावेश आहे, मात्र तेथे केवळ नामनिर्देश आहे, विवेचन नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास यान दफू व यान थियानचांग यांनी सिद्ध केलेल्या ‘श्वानश्वान छीजिंग’ या संग्रहात अनेक कूटप्रश्नांची उत्तरे कोमध्ये परिणत होतात.

जपानमध्ये या परंपरेला अधिक शिस्त आली. इनोउए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इनसेकी यांनी १७१३ मध्ये ‘इगो हात्सुयोरोन’ हा अत्यंत कठीण कूटप्रश्नांचा संग्रह तयार केला. हायाशी गेनबी यांच्या १८१२ मधील ‘गोक्यो शुम्यो’ या संग्रहात प्रश्नांचे विषयवार वर्गीकरण असून कोचा विभाग स्वतंत्र आहे. परंतु या प्रश्नांत पटाचा एखादा कोपराच दाखविलेला असतो. ‘को होतो’ येथे उत्तर संपते. तो को जिंकावा कसा, किंबहुना जिंकावा की सोडून द्यावा, हे सांगण्याची सोय त्या चौकटीत नाही; कारण उरलेला पट तेथे नाही. कूटप्रश्नांचे ग्रंथ को निर्माण करण्यास शिकवितात, लढण्यास नव्हे.

नियमांतील संदिग्धता

कोच्या अध्ययनातील दुसरी अडचण नियमांची होती. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात ओदा नोबुनागासमोर चाललेल्या डावात तीन को एकाच वेळी उद्भवून डाव अनिर्णित राहिला आणि लवकरच नोबुनागाचा अंत झाला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी शंका घेतली जात असली, तरी को हा व्यवस्थेबाहेर जाणारा प्रकार मानला जात होता, याची ती द्योतक आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रत्यक्ष वादाच्या रूपाने पुढे आला. १९२८ मध्ये सेगोए केनसाकु व ताकाहाशी शिगेयुकी यांच्या डावात ‘दहा हजार वर्षांचा को’ म्हणून ओळखली जाणारी स्थिती उद्भवली. तो को डावाच्या अखेरीस मिटविलाच पाहिजे काय, याविषयी लिखित नियम नव्हता. होनिंबो शुसाई यांनी सेगोए यांचा विजय झाला, पण ताकाहाशी यांचा पराभव झाला नाही, असा चमत्कारिक निवाडा दिला. लिखित नियमांची निकड अशा प्रसंगांनी स्पष्ट झाली. निहोन कि-इन या जपानी संस्थेने १९४९ मध्ये नियमसंहिता तयार केली. तरीही १९५९ मध्ये गो सेइगेन व ताकागावा यांच्या डावात, जादा को-धमक्या हाती असणाऱ्या खेळाडूने शेवटचा को भरलाच पाहिजे काय, हा वाद उपस्थित झाला. १९८९ मध्ये संहितेची पुनर्रचना झाली. ज्या विषयाच्या व्याख्येबाबतच दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती, त्याचे पाठ्यपुस्तक होणे कठीण होते.

इंग्रजी ग्रंथमाला

जपानबाहेरील वाचकांसाठी १९७० च्या दशकापासून इशी प्रेसने प्राथमिक गो-ग्रंथमाला प्रसिद्ध केली. तिच्या सात खंडांत आरंभ, कोपऱ्यातील रचना, चतुर खेळ्या, जीवन-मरण, आक्रमण व बचाव, डावाची अखेर आणि सवलतीचा डाव हे विषय आले. कोला मात्र स्वतंत्र खंड मिळाला नाही. त्याची चर्चा इतर विषयांच्या अनुषंगानेच होत राहिली. रॉब व्हॅन झाइस्ट व रिचर्ड बोझुलिच यांच्या ‘ऑल अबाउट को’ या पुस्तकाने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. केवळ को याच विषयाला वाहिलेले हे इंग्रजी पुस्तक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले, हे लक्षणीय होय.

गणिती विवेचन

कोची दुर्बोधता गणितानेही अधोरेखित केली आहे. साध्या कोमध्ये एक पक्ष दोन खेळ्यांत, तर दुसरा एका खेळीत को मिटवितो. त्यामुळे दोन निकालांतील अंतर तीन खेळ्यांचे ठरते आणि अखेरच्या एक गुणाच्या कोमधील प्रत्येक खेळीचे मोल एकतृतीयांश गुण भरते. हा हिशेब सोपा आहे. धमक्यांचा मात्र नाही. १९८३ मध्ये जे. एम. रॉबसन यांनी जपानी को-नियमासह खेळल्या जाणाऱ्या व्यापकीकृत गोची संगणकीय जटिलता घातांकी काळाच्या वर्गातील असल्याचे सिद्ध केले; त्यांच्या सिद्धतेचा आधारच को हा होता. एल्विन बर्लेकॅम्प व डेव्हिड वुल्फ यांचा १९९४ मधील ‘मॅथेमॅटिकल गो’ हा ग्रंथ डावाच्या अखेरीचे सुटे भाग करून त्यांचे मूल्य काढतो. को त्या विभाजनाला सहजी दाद देत नाही. १९९६ मध्ये बर्लेकॅम्प यांनी कोचे मूल्यमापन केले, तेव्हा कोणत्या पक्षाकडे पुरेशा धमक्या आहेत हे त्यांना गृहीत धरावे लागले. म्हणजेच स्थानिक विवेचन शक्य करण्यासाठी उरलेला पट गृहीतकाच्या रूपाने आत घ्यावा लागला. कूटप्रश्नांच्या जुन्या संग्रहांत जे सुटले होते, तेच येथे वेगळ्या वाटेने समोर आले.

अध्ययनाची दिशा

यावरून कोच्या अभ्यासाचे तीन स्तर मानता येतात. पहिला, को कोणत्या आकारातून उद्भवतो हे ओळखणे. त्यासाठी प्रारंभी कानो योशिनोरी यांचे श्रेणीबद्ध कूटप्रश्नांचे चार भाग आणि नंतर ‘गोक्यो शुम्यो’ उपयुक्त ठरतात. दुसरा, धमक्यांची संख्या व मोल यांचा हिशेब. येथे ‘ऑल अबाउट को’ साहाय्यक होते. तिसरा आणि निर्णायक स्तर म्हणजे को केव्हा सुरू करावा व कशाच्या मोबदल्यात सोडावा, याचा विवेक. तो केवळ संपूर्ण डावांच्या सटीप संग्रहांतूनच येतो. जॉन पॉवर यांनी सिद्ध केलेला होनिंबो शुसाकु (१८२९–१८६२) यांच्या डावांचा ‘इन्व्हिन्सिबल’ हा १९८२ मधील संग्रह या दृष्टीने आदर्श मानावा लागेल. विद्यार्थ्याने त्यातील एकेका को-झुंजीपाशी थांबून उभय पक्षांच्या धमक्या स्वतः मोजाव्यात आणि मग टीप वाचावी.

मार्च २०१६ मध्ये ली सेदोल व अल्फागो यांच्या सामन्यात हे संगणकीय आज्ञाप्रणालीचे यंत्र को टाळते अशी वदंता पसरली होती. तिसऱ्या डावात त्याने को यशस्वीपणे हाताळून ती खोटी ठरविली. २०१७ मधील अल्फागो झिरो ही आवृत्ती तर केवळ स्वतःशी पूर्ण डाव खेळून शिकली. सुटे प्रश्न तिला कोणी घातले नव्हते.

समारोप

पाठ्यपुस्तक हे विषयाचे प्रकरणांत विभाजन करूनच उभे राहते. ज्या ज्ञानाचे असे विभाजन होऊ शकते, त्याची पुस्तके लवकर व चांगली निघतात. को हे अंशाचे समग्राशी असलेले नाते आहे. म्हणून त्याच्यावरील उत्तम विवेचन दीर्घकाळ इतर ग्रंथांच्या कडेकडेने विखुरलेले राहिले. ‘कोवरील चांगले पुस्तक कोणते?’ या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एका शीर्षकाने उत्तर देणे त्यामुळे अपुरे ठरते. त्याच्या हाती एक पुस्तक द्यावे आणि त्याच्या शेजारी शंभर पूर्ण डाव ठेवावेत, हेच अधिक श्रेयस्कर होय.