जुन्या फोटोतली बाजारपेठ कोणत्या काळातली, हे कसं ओळखायचं?

'आपलं भिवंडी, १९४०' अशा ओळीसह एखादा कृष्णधवल फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि बघता बघता सगळ्या ग्रुपवर फिरतो. तो खरंच १९४० चा आहे का? याचं उत्तर बरेचदा फोटोतल्या दुकानांवर, पाट्यांवर आणि गाड्यांवरच लिहिलेलं असतं.

कामतघरचं उदाहरण

भिवंडीतला कामतघर हा भाग वऱ्हाळा देवीचा तलाव आणि यंत्रमागांसाठी ओळखला जातो. माग आले तशी सूत, सायझिंग आणि मागाच्या सुट्या भागांची दुकानं आली, कामगारांसाठी खाणावळी आणि चहाच्या टपऱ्या आल्या. जवळच्या पद्मनगरात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे पाटीवर तेलुगू अक्षरं दिसली म्हणून फोटो आंध्र किंवा तेलंगणातलाच, असं समजू नये.

काळ सांगणाऱ्या खुणा

- भाव : १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे होते. १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गेला. म्हणजे 'नये पैसे' लिहिलेली पाटी १९५७ च्या आधीची असूच शकत नाही.
- वजन-माप : शेर, मण आणि वार जाऊन किलो आणि मीटर टप्प्याटप्प्याने आले. १९६२ पासून व्यवहारात किलोच वापरणं सक्तीचं झालं.
- राज्याचं नाव : महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झालं. सरकारी फलकावर 'महाराष्ट्र शासन' असेल, तर फोटो त्यानंतरचा.
- पिनकोड : सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. भिवंडीचा पिनकोड ४२१ ने सुरू होतो.
- टीव्हीचा अँटेना : मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. छपरावरचे अँटेने त्यानंतरचे.
- गाडीचा नंबर : 'एमएच' ही अक्षरं १९८९ पासूनची. भिवंडीच्या गाड्यांवर 'एमएच ०४' दिसतं.
- पालिका : भिवंडीत नगरपालिका १८६४ पासून होती. महानगरपालिका या शतकाच्या सुरुवातीला झाली.

सर्वात नवी वस्तू शोधा

जुनी वस्तू फोटोचं वय सांगत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची पाटी आजही एखाद्या दुकानावर असते, पण पुढे येणारी वस्तू आधीच्या फोटोत दिसू शकत नाही. म्हणून फोटोतली सर्वात नवी वस्तू कोणती, ते पाहा. पाटीवर 'आणे' आणि समोर 'एमएच'ची रिक्षा असेल, तर रिक्षाचं ऐकायचं.

फसगत कुठे होते?

कृष्णधवल म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचा, हा समज चुकीचा आहे. लहान गावांतल्या स्टुडिओत १९७०-८० च्या दशकांतही कृष्णधवल फोटो सर्रास निघत. निगेटिव्ह उलटी छापली गेली की रस्त्याची डावी-उजवी बाजू बदलते, पाट्यांवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी येतात. एआयने रंगवलेल्या किंवा 'स्वच्छ' केलेल्या फोटोत पाट्यांवरची अक्षरं बिघडतात, म्हणजे नेमका पुरावाच पुसला जातो. शक्य असेल तिथे मूळ फोटो मागा.

चुकीच्या ओळीने काय बिघडतं?

भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये दंगली सोसल्या आहेत. दुसऱ्या गावातला जळालेल्या दुकानांचा फोटो 'भिवंडी' म्हणून फिरला, तर तो आजच्या शेजाऱ्यांमध्ये संशय पेरतो. साधं 'हा कुठला रस्ता?' असं विचारूनही अशी साखळी थांबू शकते.

घरात असा फोटो असेल तर

रस्ते रुंद होतात, चाळींच्या जागी इमारती येतात आणि दुकानाची आठवण फक्त लग्नाच्या वरातीमागच्या भिंतीवर उरते. म्हणून फोटो पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असू शकते. कडा कापू नका. दुकानं बहुधा कडेलाच असतात. घरातल्या ज्येष्ठांना रस्ता, दुकान आणि साधारण वर्ष विचारून मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहा आणि फोटो शेअर करताना तो शब्द गाळू नका.